मागच्या सीटवरचा पेला

गाडी दुरुस्त झाली की नाही, हे कुणी ठरवायचं? दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात मिस्त्री ठरवतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. ह्या गॅरेजात तसं नव्हतं. इथं तो मान काकूंचा होता. आणि खरं सांगायचं तर काकूंचाही नाही, त्यांच्या हातातल्या पाण्याच्या पेल्याचा होता.

आता पेल्याचा आणि मोटरसायकलचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. काकूंच्या सासूबाईंनीही विचारलं होतं, आणि चांगल्या चढ्या आवाजात विचारलं होतं. त्याचं असं आहे. काकूंचे यजमान, म्हणजे आपले मिस्त्री, हे जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांचे डॉक्टर. नव्या गाड्या त्यांच्याकडे कुणी आणत नाही आणि त्यांनाही त्या नको असतात. जुन्या गाड्यांना एक खोड असते. हळू चालवताना ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की गाडी आधी ढिम्म, काही ऐकूच आलं नाही अशी, आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखी एकदम पुढे उडी मारते. मूठ सोडली की नाकावर आपटते. मोकळ्या रस्त्यावर हे कळतही नाही, पण गर्दीत, वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये जीव नकोसा करते. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी गचके देते. मिस्त्री गचके काढतात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत हजर, "अजून थोडे आहेत." आता थोडे म्हणजे किती, ह्यावर पूर्वी अशी भांडणं व्हायची की विचारू नका. शेवटी तरुणपणी एकदा मिस्त्रींचं डोकं सटकलं. नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी बायकोला हाक मारली, तिच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला, तिला मागच्या सीटवर बसवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "आता गल्लीला चक्कर मारून येतो. पाणी सांडलं तर तू खरा. नाही सांडलं तर तोंड उघडायचं नाही."

पाणी सांडलं नाही. तोंड उघडलं नाही. आणि त्या दिवसापासून तो रिवाजच पडला.

काकू एका बाजूला पाय सोडून बसायच्या. डाव्या हातानं मागची दांडी धरायची, उजव्या हातात पेला. गल्लीतून निघायचं, शाळेच्या फाटकापाशी वेग कमी करायचा, शिंप्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळायचं, गतिरोधक ओलांडायचा, चढ चढायचा आणि दवाखान्याला वळसा घालून परत. वाटेत लोक हात करायचे. शिंपी मशीन थांबवून ओरडायचा, "काकू, तहान लागली हो!" काकू पेल्यावरची नजर न हलवता म्हणायच्या, "घरी या, माठच देते." गॅरेजपाशी उतरून पेला गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि उरलेलं पाणी दारातल्या झाडाला घालायचं. लोक लांबून लांबून गाड्या आणायचे ते मिस्त्रींच्या हाताच्या गुणासाठी, पण घरी जाऊन सांगायचे ते पेल्याचं.

मिस्त्रींचा ह्या पेल्यावर देवासारखा विश्वास. "माणूस स्वतःशी खोटं बोलतो," असं ते म्हणायचे. "दिवसभर एका गाडीवर राबलं की संध्याकाळी ती बरोबरच वाटायला लागते. पाण्याला कुणाची भीडभाड नाही."

आणि काकूंचं म्हणाल तर त्यांचा जीव त्या फेरीत होता. हसण्यासारखी गोष्ट नाही. गॅरेजच्या मागे दोन खोल्या, पुढे शटर, मध्ये ग्रीसचा वास, ह्यात त्यांचा सगळा जन्म गेला. आधी सासूबाईंचं दुखणं, मग मुलाचं शिक्षण, मग मुलगा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर आणि घरात सून. मिस्त्री तसे अबोल. जेवताना "मीठ दे" ह्यापलीकडे संभाषण नाही. पण गाडीवर बसले की ह्या माणसाला कंठ फुटायचा! समोर रस्ता, मागे बायको, आणि ऐकायला तिसरं कुणी नाही. लहानपणच्या गोष्टी सांगायचे, गिऱ्हाइकांच्या नकला करायचे, एकदा तर चढावर चक्क गायले होते. काकू मागून त्यांच्या पाठीशी बोलायच्या, भांडायच्याही. त्यांच्या संसारातली अर्धी भांडणं शिंप्याच्या कोपऱ्यापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर मिटली आहेत. बाहेर जाणं, फिरणं, नवराबायकोनं दोघांनीच असणं, जे काही म्हणाल ते सगळं एवढंच.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि काकूंचा उजवा हात कापायला लागला.

आधी त्यांना वाटलं थंडीमुळे. थंडी गेली, हात कापायचा थांबला नाही. सुईत दोरा जाईना. चहाची बशी वाजायला लागली, म्हणून त्यांनी बशी देणंच बंद केलं. मिस्त्रींच्या कामात त्यांचं एक ठरलेलं काम होतं. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरमध्ये पितळेचा एक बारका जेट असतो, केसाएवढं भोक असलेला. तो साफ करून उजेडासमोर धरायचा आणि भोकातून उजेड दिसतो का ते बघायचं. काकूंची नजर तेज, म्हणून ते त्यांच्याकडे. आता जेट दोन बोटांत धरला की तो थरथरायचा आणि भोक जागेवर राहायचं नाही. "डोळ्यांना दिसत नाही हो आता," असं सांगून काकूंनी ते काम सोडलं. डोळे ठणठणीत होते. बिचाऱ्या डोळ्यांवर फुकटचा आळ.

आणि पेला? पेला त्या स्वतः भरायच्या. त्या बोटभर कमी भरायला लागल्या. पुढे दोन बोटं कमी. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण काकूंच्या पेल्यात डोकावून बघायची कुणाची प्राज्ञा नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

लक्षात आलं फक्त सुनेच्या. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, दिवसभर दुखणीखुपणी बघायची. एकदा भाजी चिरताना तिनं काकूंच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली. "आई, हात दाखवून घेऊ या. वेळेवर गोळी लागू पडते कधी कधी."

"काही नाही गं, अशक्तपणा आहे."

"बाबांना सांगितलंत?"

"त्यांना सांगशील तर बघ!" काकू एवढ्या जोरात म्हणाल्या की सुनेनं सुरी खाली ठेवली. मग स्वतःच ओशाळल्या आणि म्हणाल्या, "अगं, सांगितलं की पेला गेला. पेला गेला की सीट गेली. मग मी ह्या शटरच्या आत बसून काय करू? तूच सांग."

सून काय सांगणार? तिनं सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली. पण काकूंना माहीत होतं की ही पोर सहजासहजी सोडणारी नाही.

अशात एक दिवस अंडेवाला आला.

अंडेवाला म्हणजे बडबडीची टाकी. गाडीच्या मागे लोखंडी कॅरिअर, त्यावर अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले, दोरीनं बांधलेले. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच त्यानं सुरुवात केली. "मिस्त्री, मी अंडी विकतो की आम्लेट? रोज वरचा अख्खा ट्रे फुटतो. कोपऱ्यावर मूठ उघडली की आधी गाडी विचार करते. जाऊ का नको, जाऊ का नको. मग एकदम निघते ती पिसाळल्यासारखी! बेकरीवाला म्हणाला, उद्यापासून फुटकी आणलीस तर येऊच नकोस. मोठं गिऱ्हाईक आहे हो ते, तेच गेलं तर मी काय अंडी उबवत बसू?"

मिस्त्रींनी गाडी चालू केली आणि कामाला लागले. त्यांचं काम बघणं हे एक सुख होतं. आधी मूठ. ती बरीच फिरायची तेव्हा कुठं तार ओढली जायची; म्हणजे तारेत ढील. ती नट फिरवून नखभर ठेवली. मग चेन. सैल होती, ताणली. मग कार्बुरेटर उतरवला, खालची वाटी उघडली, तर तळाला गाळ. बारका जेट बुजलेला. तो साफ केला, उजेडासमोर धरला, डोळे बारीक करून बघितलं, कारण आता ते काम त्यांचंच होतं. सगळं जोडून गाडी चालू केली तरी इंजिन एकसारखं चालेना, मध्येच दम खायचं. मिस्त्रींनी मान तिरकी केली. कार्बुरेटर आणि इंजिन ह्यांच्यामध्ये रबराचं एक नळकांडं असतं, त्यावर त्यांनी ओलं फडकं दाबून धरलं. आणि काय आश्चर्य, रडणारं इंजिन गप्प झालं, शहाण्यासारखं चालायला लागलं. फडकं काढलं की परत रडगाणं.

"रबर फाटलंय खालून," मिस्त्री म्हणाले. "तिथून चोरून हवा घेतेय. पेट्रोलपेक्षा हवाच जास्त. रिकाम्या पोटी धावायला सांगितल्यावर दुसरं काय होणार?"

रबर नवं घातलं, हवेचा स्क्रू जुळवला. मूठ पिळली, इंजिननं लगेच हूं म्हटलं. सोडली, गप्प. अंडेवाल्याचा चेहरा फुलला. मिस्त्रींनी आत हाक मारली, "अगं, येतेस का?"

काकू पेला घेऊन बाहेर आल्या. दोन बोटं कमी, नेहमीसारखा. पण अंडेवाला पडला चौकस. त्यानं पेल्यात डोकावून बघितलं. "हे काय काकू, काठोकाठ म्हणतात ना सगळे? थांबा!" आणि पाठीला लावलेली बाटली काढून त्यानं पेला असा भरला की पाण्याला फुगवटा आला.

काकूंनी एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा सीटकडे. पण नाही कसं म्हणणार? बसल्या. गाडी निघाली आणि शाळेच्या फाटकापाशी पोचायच्या आत त्यांना कळून चुकलं की गाडी बरोबर आहे. अगदी बरोबर. कोपऱ्यावर मिस्त्रींनी मूठ उघडली तेव्हा गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पण पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. एका हाताची थरथर, तिला चढही नको आणि गतिरोधकही नको.

गॅरेजपाशी उतरले तेव्हा पेला अर्धा होता. मिस्त्री बघतच राहिले.

"मनगटाला तर काही जाणवलं नाही," ते पुटपुटले. "एक गचका लागला नाही." मग परत पेल्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "पण पाणी सांडलंय."

"अहो, मला गाडी छान वाटली," काकू म्हणाल्या.

"तुला छान वाटून काय उपयोग? पाण्याला नाही वाटली." त्यांनी अंडेवाल्याला सांगितलं, "गाडी ठेवून जा. उद्या ये."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. काकूंनाही ते कळत होतं. पण त्या पेला घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कार्बुरेटर परत उतरवला. पेट्रोल कमीजास्त करणारी आतली सुई एक खाच वर घेतली. चक्कर, पाणी सांडलं. सुई खाली घेतली. चक्कर, सांडलं. मागच्या चाकातली, गचके झेलणारी रबरं बदलली, तारच नवी घातली. आता पेला ते स्वतः भरायचे, काठोकाठ, "आपणच आपल्याला फसवायचं नाही" म्हणत. काकूंनी डाव्या हातात पेला धरून बघितला, तर मिस्त्री म्हणाले, "असं नको. नेहमीसारखाच धर, नाहीतर परीक्षा खरी होणार नाही." दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसला प्रकार. गाडी बिचारी ठणठणीत असून तिची रोज चिरफाड चालली होती. आणि गंमत बघा, गचके काढताना पूर्वी कधी एवढ्या चकरा झाल्या नव्हत्या. सकाळ-संध्याकाळ चक्कर. पण त्या चकरांमध्ये मिस्त्री एक शब्द बोलत नव्हते. काकूंना जे गमवायचं नव्हतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत निसटत चाललं होतं, सीटवर बसल्या बसल्या.

अंडेवाला रोज यायचा, खांद्यावर ट्रे घेऊन, चालत. "अहो मिस्त्री, मला पाणी विकायचं नाही, अंडी विकायची आहेत! थोडं सांडलं तर सांडू दे!"

"माझ्या गॅरेजातून गचका देणारी गाडी बाहेर जाणार नाही," मिस्त्री म्हणायचे.

"बेकरीवाल्यानं दुसरा माणूस बघितलाय. दोन दिवस थांबतो म्हणालाय, तेही माझ्या तोंडाकडे बघून."

सून हे सगळं ऐकत होती. रात्रीची भांडी घासताना ती एवढंच म्हणाली, "आई, त्या माणसाचं पोट आहे हो त्यावर." काकूंनी हातातलं पातेलं दाणकन फडताळात ठेवलं. राग आला तो सुनेचा नव्हता. स्वतःचाच होता.

शेवटी मिस्त्रींनी आपल्या स्वतःच्या गाडीचा कार्बुरेटर काढला. ती गाडी म्हणजे त्यांचं दुसरं अपत्य, तिचा कार्बुरेटर म्हणजे डोळ्यांतलं बुबुळ. तो काढून अंडेवाल्याच्या गाडीला चढवला. चक्कर मारली. पाणी सांडलं.

तेव्हा मात्र ते उतरले आणि एका उलट्या खोक्यावर जाऊन बसले. दुपारची वेळ, रस्ता शांत. हात गुडघ्यांवर तसेच काळे. अंडेवाला नेमका त्याच वेळी आला. त्यानं तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "गाडी घेऊन जा रे बाबा. दुसऱ्या कुणाला तरी दाखव."

अंडेवाल्याची बडबड पहिल्यांदाच बंद पडली. "दुसऱ्याला? म्हणजे?"

"मला जमत नाही. मनगट म्हणतं गाडी बरोबर आहे. कान म्हणतो बरोबर आहे. आणि पाणी सांडतंय. म्हणजे माझं मनगट गेलं, कान गेला. गाडी कळत नाही तर मिस्त्री कसला मी? सामान विकून टाकतो आणि गप घरात बसतो."

दारात काकू उभ्या होत्या. हे वाक्य त्यांनी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एकदा इंजिन पायावर पडून अंगठा चेचला तेव्हाही नाही, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. ह्या माणसाजवळ दुसरं होतं काय? ना पैसा, ना बोलणं, ना रूप. एक ते मनगट होतं. आणि आपण ते आपल्या हातांनी, चोरून, रोज थोडं थोडं खाल्लं, असं काकूंना वाटलं. चुलीत गेली ती सीट! त्या आत गेल्या, पेला काठोकाठ भरला आणि बाहेर येऊन मिस्त्रींच्या समोर उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या, सपाट जमिनीवर. हात पुढे केला.

"बघा," त्या म्हणाल्या.

पाणी काठावर नाचलं. मग एका बाजूनं सांडलं, मग दुसऱ्या. टपटप टपटप, मिस्त्रींच्या चपलांवर.

अंडेवाला आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. "काकू," तो म्हणाला, "तुम्ही तर उभ्या आहात. गाडी तर तिकडं स्टँडवर आहे."

"तेच दाखवतेय रे मेल्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "गाडीत काही नाही. रबर बदललं त्याच दिवशी बरी झाली ती. जे आहे ते ह्या हातात आहे."

मिस्त्री सावकाश उठले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग लाल झाला. "आणि मी इथं मुलखाचे कार्बुरेटर उघडत बसलो! माझ्या गाडीचा काढला, माझ्या! तू बघत होतीस! मी वेडा व्हायचा बाकी होतो आणि तू मागे बसून पाणी सांडत होतीस?"

"हो."

"का? तोंडाला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर पेला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला असतात!" आता काकूही चिडल्या. रडता रडता चिडल्या, ते फार वाईट असतं. "मग मला कोण नेणार होतं? घरात तुम्ही माझ्याशी बोलता का कधी? त्या फेरीत बोलता. एवढंच मिळतं मला तुमच्याकडून, आणि ते माझ्या हातानं घालवू? नाही झालं धाडस. चुकले. घाला शिव्या."

शिव्या काही आल्या नाहीत. मिस्त्रींनी तो पेला त्यांच्या हातातून घेतला आणि खोक्यावर ठेवला. मग तो हात आपल्या दोन्ही काळ्या हातांत धरला आणि एखादं चालू इंजिन बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"दुखतो?"

"नाही. नुसता कापतो."

"आणि तुला कसं कळलं, रबर बदललं तेव्हाच गाडी बरी झाली ते? पाणी तर सांडत होतं."

"पाण्याकडे बघतं कोण?" काकू नाक ओढत म्हणाल्या. "गचका आधी कमरेला कळतो, मग हाताला. इतक्या वर्षांत मला पाणी बघायची गरज पडली नाही. ते तुमच्या गिऱ्हाइकांसाठी."

मिस्त्री फळीपाशी गेले. त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि अंडेवाल्याकडे फेकली. "तुझा कार्बुरेटर परत चढवून देतो, बस जरा. गाडी बरोबर आहे. ही म्हणाली ना, मग बरोबर आहे."

त्या संध्याकाळी अंडेवाला ट्रे रचून गेला आणि दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याकडचं एकही अंडं फुटलं नाही, असं तो अख्ख्या गल्लीला ओरडून सांगत फिरला. जाता जाता काकूंच्या हातात अर्धा डझन ठेवून गेला. "धरा दोन्ही हातांनी," म्हणाला गाढव, आणि जीभ चावली. काकूंना त्याही स्थितीत हसू आलं.

मग सून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. मिस्त्री शटर ओढून बरोबर आले, दुपारी, कामाच्या वेळी, हे गल्लीनं पहिल्यांदा बघितलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, गोळी घेऊन कमी होईल, पण पूर्ण जाईल असं सांगत नाही. मिस्त्रींनी विचारलं, "मूळ कुठं आहे ह्याचं?" डॉक्टर म्हणाले, डोक्यात, नसांमध्ये. मिस्त्रींना ते पटलं नाही. उघडून बघता येत नाही अशा गोष्टीवर त्यांचा विश्वास बसायचा नाही. पण गोळी द्यायचं काम त्यांनी सुनेकडून काढून आपल्याकडे घेतलं, आणि ते एकदाही चुकले नाहीत.

काकू मात्र मनातून खचल्या होत्या. खरं सांगितल्याचं बरं वाटत होतं, झोप लागत होती, पण गचके देणारी दुसरी गाडी येईपर्यंत सीटचा निकाल कसा लागणार? मिस्त्री विचारात असायचे. शिंप्यानं फुकटचा सल्ला दिला, "पेला कॅरिअरला क्लिप लावून बसवा, माणसाची गरजच नाही." बरा भेटला उंटावरचा शहाणा! मिस्त्री नुसतं हूं म्हणाले. त्या हूंचा अर्थ लावत काकूंनी अख्खा आठवडा काढला.

आणि मग एक गाडी आली, कुण्या फोटोग्राफरची, गचके देणारी. मिस्त्रींनी ती संध्याकाळपर्यंत दुरुस्त केली. काकू आत होत्या. हाक येते का म्हणून कान दिलेला, आणि वरून तांदूळ निवडत असल्याचं सोंग. किक बसल्याचा आवाज आला. इंजिन चालू झालं. गिअर पडला. हाक आली नाही. गाडी निघाली तसा काकूंनी तांदळात हात खुपसला आणि डोळे मिटले. जाऊ दे, त्यांनी स्वतःला सांगितलं. आपल्या कर्माची फळं.

गाडी चार पावलांवर जाऊन थांबली होती. हॉर्न वाजला. मग परत वाजला, चांगला लांबलचक.

"अगं, किती वेळ!"

काकू धावतच बाहेर आल्या, पदराला हात पुसत. फोटोग्राफर बाजूला उभा होता. त्या अर्ध्यातून परत वळल्या. "थांबा, पेला राहिला."

"राहू दे पेला," मिस्त्री म्हणाले. मान समोर, कान लाल. "दोन्हीकडे पाय टाकून बस. आणि मला धर."

"अहो, लोक बघतात!"

"लोक एवढी वर्षं पेला बघत होते. आता हे बघतील."

काकू बसल्या. इतक्या वर्षांत, इतक्या चकरांमध्ये, त्यांनी गाडीवर नवऱ्याला कधी धरलंच नव्हतं. एका हातात दांडी, एका हातात पाणी, तिसरा हात आणायचा कुठून? त्यांनी दोन्ही हात पुढे नेले आणि मिस्त्रींच्या पोटावर एकात एक गुंतवले. उजवा हात कापतच होता. मिस्त्रींना तो शर्टातून जाणवला असणार, कारण त्यांनी क्लचवरचा डावा हात सोडून तो क्षणभर त्यांच्या हातांवर दाबून धरला आणि मगच गाडी गिअरमध्ये टाकली.

फाटक गेलं, शिंपी गेला. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, हेही एक नवलच. कोपऱ्यावर मिस्त्रींनी मूठ उघडली आणि गाडी अशी उचलली गेली की जमीन संपून पाणी लागलंय असं वाटावं. मिस्त्री बोलायला लागले होते. लहानपणी विहिरीत पडलेल्या घंटेची गोष्ट, जी काकूंनी शंभरदा ऐकली होती. दवाखान्याशी आले तेव्हा त्यांनी वेग कमी केला आणि विचारलं, "काय म्हणते कंबर? बरोबर आहे ना गाडी?"

काकूंनी गाल त्यांच्या पाठीला टेकवला होता. गचका औषधालासुद्धा नव्हता.

"थोडा आहे," त्या म्हणाल्या. "असा लगेच नाही कळायचा. अजून जरा लांब जाऊन बघा."

मिस्त्रींनी मागे वळून बघितलं नाही. दवाखान्याला वळसा न घालता त्यांनी गाडी सरळ पुढे काढली.